बाबांना ऐकू येणारी गाणी

पहिली पाळी असली की बाबा दुपारी चारच्या सुमारास घरी यायचे. सातपूरच्या एका कारखान्यात ते पत्र्याच्या प्रेसवर कामाला होते. ते अवजड यंत्र वरून खाली आदळायचं, पत्र्याला भोकं पाडायचं आणि परत वर जायचं. दिवसभर तेच. आम्ही पंचवटीच्या मागच्या अंगाला, मखमलाबादकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायचो. तिथून सातपूर म्हणजे सायकलवर जवळजवळ तास. जाताना चढ, येताना उतार. पण येतानाच्या उताराचाही त्यांना काही फायदा होत नसावा, कारण सायकल भिंतीला टेकवली की ते दारातच बसायचे. आधी बूट काढायचे, मग कानातले कापसाचे बोळे. ते बोळे हातात धरून पाच-दहा मिनिटं नुसते समोर बघत राहायचे. आईने शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरायची, तरी कप उचलायचे नाहीत.

मला वाटायचं, बाबा रागावलेत. दमलेला माणूस आणि रागावलेला माणूस लहान मुलांना सारखाच दिसतो.

वर्षातले दोन-तीन महिने मात्र हेच बाबा चहा पिऊन लगेच उठायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि धुतलेला सदरा घालून विहाराकडे निघायचे. आमच्या वसाहतीची एक गायन पार्टी होती. एप्रिलमधल्या जयंतीला ती चौकात गायची. आजूबाजूच्या वस्त्यांमधूनही बोलावणी यायची. मास्तर पेटी वाजवायचे आणि मुख्य गायचे. गाणीही बहुतेक त्यांनीच रचलेली. पोटासाठी ते शिवणकाम करायचे. एक ढोलकीवाला होता, एक झांजवाला, आणि मागे तीन-चार जण. मास्तरांनी ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलून परत म्हणायची. याला झील धरणं म्हणतात. बाबा झील धरायचे. त्यांचा आवाज उंच आणि धारदार होता. मास्तर लोकांना सांगायचे, "माझी ओळ गल्लीच्या टोकापर्यंत जाती. याची झील गोदावरी ओलांडती."

सत्तरच्या दशकातलं माझं सगळ्यात जुनं आठवणारं दृश्य म्हणजे विहारातली सतरंजी, आईची मांडी, आणि समोर मान मागे टाकून गाणारे बाबा. त्यांच्या गळ्याची शीर फुगलेली मला दिसायची आणि ती फुटेल अशी भीती वाटायची. आई हसून म्हणायची, "नाही फुटत गं, सवयीची आहे ती."

मी आठवीत गेले तेव्हा बाबांनी मला नदीपलीकडच्या मुलींच्या मोठ्या शाळेत घातलं. तिथे माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीचे वडील कुठल्याशा कार्यालयात साहेब होते. तिच्या घरी मोठा रेडिओ होता, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं आणि मोठा भाऊ कॉलेजात होता. हिंदी सिनेमातली नवी गाणी तिला आमच्या आधी पाठ असायची. डिस्को हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याकडून ऐकला. मधल्या सुट्टीत ती बाकावर बोटांनी ठेका धरायची आणि आम्ही तीन-चार जणी तिच्याभोवती माना हलवायचो. मला ती गाणी मनापासून आवडायची. त्यांत काही सोसावं लागत नव्हतं, काही मागायचं नव्हतं, कोणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. नुसतं नाचायचं होतं.

एकदा तिने सहज विचारलं, "तुझे बाबा गातात ना? काय गातात?"

मी म्हटलं, "भजनं."

"अय्या, आमचे आजोबापण!" ती म्हणाली, आणि विषय संपला.

माझ्यासाठी तो संपला नाही. बाबांची गाणी भजनं नव्हती. शाळेत जा, मान वर करून चाल, तळ्यातल्या पाण्यावर तुझाही हक्क आहे, असं त्या गाण्यांत असायचं. ती कुणाची गाणी आहेत हे कळायला एक ओळ पुरे होती, आणि ती ओळ मला त्या बाकावर नको होती. त्या दिवसापासून बाबा घरात गुणगुणायला लागले की मी उठून बाहेर जायचे. त्यांनी ते पाहिलं असणार.

मीही त्यांच्यापुढे रेडिओवर माझी गाणी लावली की ते कपाळाला आठ्या घालायचे. "दिवसभर धडाधड ऐकून आलो, आता घरी बी तेच?" एवढं बोलून आतल्या खोलीत जाऊन पडायचे. मग मी आवाज कमी करायचे. एवढंच आमचं संगीतावरचं बोलणं.

मी नववीत असताना मामा सुट्टीवर आला. तो फौजेत होता आणि त्याने कॅन्टीनमधून एक टेपरेकॉर्डर आणला होता. चपटा, काळा, पुढे पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं. मामाने तो आईच्या हातात दिला, पण मालकी कुणाची यावरून दुसऱ्याच दिवशी आमच्यात धुसफुस सुरू झाली. सोबत एकच कोरी कॅसेट होती. बाबा सगळं विहारात घेऊन गेले, मंडळी जमवली आणि पार्टीची गाणी भरून आणली. दोन्ही बाजूंना. त्यातल्या दुसऱ्या बाजूला एक गाणं असं होतं, ज्यात शेवटची झील बाबा एकट्याने घेतात. मास्तरांनी ती मुद्दाम त्यांना दिली होती.

मी कोऱ्या कॅसेटसाठी भुणभुण केली. आई म्हणाली, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यातही तेच म्हणाली. आणि एका रविवारी, बाबा जादा कामावर गेलेले असताना, मला हवं असलेलं गाणं रेडिओवर लागलं. मी टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवला, आत होती तीच कॅसेट उलटी करून घातली आणि लाल बटण दाबलं. बाबा दुसरी बाजू फारशी ऐकत नाहीत, शेवटपर्यंत तर नाहीतच, अशी मी मनाची समजूत घातली. ते गाणं भरलं, त्याच्या मागचं भरलं, आणखी एक भरलं. मध्ये चुलीजवळून आई ओरडली, "अगं दूध बघ, उतू चाललंय!" तेही भरलं गेलं.

आठ-दहा दिवस मी ती कॅसेट कोणाला दिसणार नाही अशी कपड्यांच्या मागे ठेवली; बाबांनी विचारलं की सापडत नाही म्हणायचे. मग एका संध्याकाळी मी दळण घेऊन आले तर बाबा कॅसेट शोधून काढून टेपरेकॉर्डरपुढे मांडी घालून बसलेले. दुसरी बाजू लागलेली. मास्तरांचा आवाज येत होता. मी डबा हातात धरून दारातच थांबले. आता पळावं की कबूल करावं, हे ठरेपर्यंत खट्ट झालं आणि मास्तरांच्या अर्ध्या शब्दावर ड्रम सुरू झाला.

बाबांनी मान वर केली नाही. मला वाटलं, आता टेप बंद करतील, मग माझ्याकडे बघतील. त्यांनी हात पुढे केला, पण बटणाकडे नाही. जिथून आवाज येतो त्या जाळीवर तळवा ठेवला. गाणं पूर्ण होईपर्यंत तसेच बसून राहिले. त्यांची बोटं हळूहळू हलत होती.

"हे कोणी भरलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "चुकलं माझं. तुमची झील पुसली गेली."

"परत लाव."

मला ऐकलेलं खरं वाटेना. मी डबा खाली ठेवला, कॅसेट मागे नेली आणि परत लावलं. दुसऱ्या वेळी मी त्यांच्याजवळ बसले. गाण्याच्या मध्यात आईचं ते "दूध बघ" आलं आणि एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं. बाबांचा चेहरा जराही हलला नाही.

"कामून हसती?"

"आईचा आवाज आला ना मधेच."

"कुठं?"

मी परत मागे नेऊन ऐकवलं. आईचा आवाज स्वच्छ होता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कधी मान हलवते त्याची वाट बघत असावेत. मी मान हलवली नाही.

"आला?" त्यांनीच विचारलं.

"आला."

त्यांनी टेप बंद केला. मग म्हणाले, "हा ड्रम ऐकू येतो मला. चांगला ऐकू येतो. बाकी आता..." आणि हाताने काहीतरी उडून गेल्यासारखं केलं. ढोलकीची डावी, घुमणारी बाजू येते, उजवी नाही, असं त्यांनी सांगितलं. पेटीचे खालचे सूर येतात, वरचे गेले. बाईमाणसाचं बोलणं पाठमोरं असलं की कळत नाही. आधी वाटलं कानात मळ झालाय. तेल घालून पाहिलं. "मग समजलं. आमच्या प्रेसवरच्या म्हाताऱ्यांचं बी असंच झालंय."

"मग ही कॅसेट लावून तुम्ही रोज काय ऐकत होतात?"

"आठवतो," ते म्हणाले. "गाणं पाठ हाय ना. लावलं की बरोबर आठवत जातं."

पुसलेल्या झिलीबद्दल ते मला कधीच रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी मला आईला सांगू नको म्हणून बजावलं. मी दोन दिवस तोंड शिवलं आणि तिसऱ्या दिवशी तिला सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुला काय वाटलं, मला माहीत नाही? दोन वर्षं झाली, या घरात मी ओरडून बोलते. माझा घसा बसतो रोज. आधी बालवाडीत शिकवते ती पोरं, मग हे." तिच्या सांगण्यावरूनच बाबा सरकारी दवाखान्यात गेले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी एक चिमट्यासारखं लोखंड वाजवून कानाजवळ धरलं, कधी डोक्याला लावलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. नस मेली आहे, गेलेलं परत येणार नाही, निदान आता आवाजापासून लांब राहा, असं त्यांनी सांगितलं. बाबा मान डोलावून बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढून आवाजाकडे निघून गेले.

जयंतीच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "तुला बेसूर लगेच कळतं ना?"

मला सूर कोणी शिकवला नव्हता, पण रेडिओवर कोणी जरा घसरलं की अंगावर काटा यायचा हे खरं होतं. "कळतं," मी म्हटलं.

"मग माझ्या मागं बसत जा. मी वर चढलो की पाठीत एक बोट लाव. उतरलो की दोन. बाकी कोणाला कळायला नको."

नववीतल्या मुलीचं पुरुषांच्या पार्टीत काय काम, असं कोणी विचारू नये म्हणून त्यांनी सांगून ठेवलं की पोरीचं अक्षर चांगलं आहे, ती गाणी वहीत उतरवून घेईल. आतापर्यंत ती सगळी गाणी माणसांच्या डोक्यातच होती. मास्तरांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतः शंभर पानी वही आणून दिली.

मला जायचं नव्हतं, हे कबूल करते. माझी परीक्षा होती. तालमी लांबायच्या. एक ओळ वीसवीस वेळा घोळायची. सगळे दिवसभर राबून आलेले. झांजवाला बसल्या बसल्या पेंगायचा, ढोलकीवाल्याला त्याची बायको बोलवायला यायची. मास्तरही मधेच पेटीवर डोकं टेकवायचे. असल्या थकलेल्या माणसांमध्ये बसून मी एका हाताने लिहायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने बाबांच्या पाठीवर खुणा करायचे. त्यांचा सदरा घामाने भिजलेला असायचा. एक बोट. दोन बोटं. परत एक. सुरुवातीला ते लगेच सावरायचे. मार्च उजाडेपर्यंत सावरायला वेळ लागू लागला.

पण लिहिताना ती गाणी मी पहिल्यांदा नीट ऐकली. एका गाण्यात एक आई होती. ती शेण उचलायला जाते आणि जाताना मुलीची पाटी पदराने पुसून देते. ओळ साधीच होती. ती लिहिता लिहिता माझा हात थांबला आणि बाबांच्या पाठीवर द्यायची खूण राहून गेली. घरी येताना मी त्यांना मोठ्याने विचारलं, "ती पाटीची ओळ मास्तरांनी कुठून आणली?"

"कुठून म्हंजे? तुझी आजी ती. मीच सांगितलं व्हतं त्याला. गाण्यात पोरगी केली त्यानं, पाटी माझी व्हती."

आजी मला आठवतच नव्हती. घरी पोचल्यावर मी वही उघडून ती ओळ परत वाचली.

त्या आठवड्यात शाळेत मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगून टाकलं की माझे बाबा भजनं गात नाहीत, जयंतीची गाणी गातात. ती डबा खात होती. म्हणाली, "मग एखादं म्हण ना." मी पाटीचं गाणं हळू आवाजात म्हटलं. तिने ऐकलं, बोटाला लागलेलं लोणचं चाटलं आणि म्हणाली, "ठेका छान आहे." एवढंच. मी दोन वर्षं ज्याची धास्ती घेऊन फिरले, ते तिने दोन घासांच्या मध्ये ऐकून सोडून दिलं. मला हलकं वाटायला हवं होतं. मला फक्त थकल्यासारखं झालं.

बदल्यात बाबा माझी गाणी ऐकायला लागले. खरंतर बदल्यात म्हणणंही बरोबर नाही, त्यांना ती खरोखर आवडायची. चहा झाला की म्हणायचे, "ते धडधडवालं लाव." जाळीवर तळवा ठेवायचे. एकदा माझ्या सगळ्यात लाडक्या डिस्को गाण्यावर मांडीवर हात आपटत म्हणाले, "हा तर आपला केरवा हाय. फक्त दागिने उतरवलेत त्याचे." आणि त्यांनी मला तोच ठेका ढोलकीच्या बोलांत म्हणून दाखवला, आधी साधा, मग सजवून. मी उडाले. माझं गाणं इतकं नवं, इतकं लांबचं, आणि ते त्याला ओळखीच्या माणसासारखं हाक मारत होते. शब्द मात्र त्यांना कळायचे नाहीत. मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ हलवून सांगायचे. "यात काय म्हणतोय?" "तो म्हणतोय, चल नाचू." "आणि ह्यात?" "ह्यातपण तेच." ते हसायचे. "सोपं हाय बाबा ह्यांचं."

जयंतीच्या दिवशी चौकात मंडप होता, चार कर्णे बांधलेले. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पार्टी बसली. मी ठरल्याप्रमाणे बाबांच्या मागे, वही मांडीवर घेऊन. पहिली तीन गाणी निभावली. चौथ्याला, बाबांची एकट्याची झील आली, आणि मास्तरांनी नेहमीपेक्षा वरच्या सुरात गाणं धरलं होतं. गर्दी बघून त्यांना चेव आला असावा. बाबांनी जुन्या आठवणीच्या पट्टीत झील उचलली. मी दोन बोटं लावली. मग जोरात लावली. मग पाठीत चिमटा काढायच्या बेतात होते. कर्ण्यांचा आवाज इतका होता की त्यांना आतलं बाहेरचं काहीच कळत नसावं. ते डोळे मिटून, मान मागे टाकून, पूर्ण ताकदीने चुकीचं गात होते. पुढच्या रांगेतली दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली.

मास्तरांनी पेटीवरचा एक हात काढला आणि बाबांच्या पुढचा माईक हळूच स्वतःकडे ओढला. उरलेली झील त्यांनीच पुरी केली.

बाबांनी डोळे उघडले. माईक जागेवर नाही हे त्यांनी पाहिलं. त्यानंतरची सगळी गाणी ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ओठही हलवले नाहीत. मी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला, आता त्याचा काही अर्थ नव्हता तरी.

घरी जाताना मी रडत होते. ते रडत नव्हते. वसाहतीच्या नळाजवळ थांबून त्यांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं झालं एक परी. लय दमलो व्हतो, पोरी. दोन वर्षं गाणं नुसतं ओढत व्हतो. गाताना बी कामावरच असल्यागत वाटायचं."

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. हातात मिठाईचा पुडा. दारातच उभे राहून म्हणाले, "माईक ओढला तो हात माझा नाही असं समज." बाबांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांच्याकडे वळून, ओठ स्पष्ट हलवून सांगितलं. बाबा म्हणाले, "बरोबर केलं तू. गाणं मोठं का मी?" मग दोघांनी पुडा सोडून मिठाई खाल्ली. निघताना मास्तर मला म्हणाले, "वही आहे ना तुझ्याकडं? मग झील तू धर."

मी दोन वर्षं झील धरली. फार चांगली नाही. बाबांचा आवाज मला आला नव्हता, फक्त त्यांची गाणी आली होती. पार्टीत मुलगी म्हणून थोडी कुरकुर झाली, मग लोकांना सवय झाली. बाबा समोर पहिल्या रांगेत बसायचे आणि ढोलकीवाल्याच्या हातांकडे बघायचे. बारावीच्या वर्षी मी सोडलं. पुढे पार्टीच राहिली नाही. मास्तरांचे डोळे गेले, ढोलकीवाला गावी गेला.

बाबांना कारखान्यात प्रेसवरून पॅकिंगला जागा मिळाली, पण फार उशिरा. तोवर त्यांच्या जगात बहुतेक फक्त ठोके उरले होते. आई त्यांच्याशी हातांनी बोलायची. तिचा घसा मात्र पुन्हा बसला नाही, असं ती हसून सांगायची.

पंच्याऐंशीच्या सुमारास मी इंदिरानगरच्या बाजूला एका कार्यालयात टंकलेखिका म्हणून लागले. दिवसभर बोटं आणि खटखट. दोन बस बदलून मी घरी यायचे. आल्यावर दारातच बसून चपला काढायचे आणि तशीच बसून राहायचे. आई चहा ठेवायची. बाबा वाट बघतच असायचे. मेनरोडवरच्या दुकानात जाऊन ते स्वतः कॅसेट आणायचे. दुकानदाराला सांगायचे, "ज्याच्यात ढोल मोठा हाय अशी द्या." गायक कोण, सिनेमा कुठला, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यामुळे आमच्या घरी काय काय येऊन पडायचं! इंग्रजी, पंजाबी, लग्नातल्या बँडची, एकदा तर चक्क व्यायामाची. ती सगळी त्यांना माझ्याबरोबर ऐकायची असायची. मी येताच कॅसेट घालायचे.

"आज नको बाबा," मी म्हणायचे. "डोकं उठलंय."

त्यांना ते ऐकू जायचं नाही, की ऐकू न गेल्यासारखं करायचे, मला कधीच कळलं नाही. एखाद्या दिवशी मी चिडून बटण बंद करायचे. मग ते हात मागे घेऊन आत जाऊन पडायचे, आणि मला दिवसभराच्या शिणापेक्षा ते जास्त लागायचं. पण दुसऱ्या दिवशी मी तशीच वागायचे. प्रेमाने दमणं जात नाही, हे मला त्या वर्षांत शिकायला मिळालं. दोन्ही एकाच अंगात राहतात.

असाच एक रविवार आठवतो. दुपार होती. आई शेजारी गेली होती. बाबांनी कुठलीशी नवी कॅसेट आणली होती आणि मी नाही म्हणायचीही ताकद नव्हती म्हणून त्यांच्या शेजारी चटईवर आडवी झाले. त्यांनी टेपरेकॉर्डर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. माझा हात ओढून जाळीवर ठेवला, त्यावर स्वतःचा ठेवला. त्यांचा तळवा पत्र्यासारखा कडक होता. ठोके दोन्ही हातांतून जात होते. पहिल्या गाण्याचं थोडं मी ऐकलं असेन.

जाग आली तेव्हा खोली शांत होती. ऊन भिंतीवरून खाली सरकलं होतं. बाबा तसेच बसलेले, टेप बंद. माझा हात अजून त्यांच्या हाताखाली होता. मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "बंद का केलंत?"

"तू झोपली ना," ते म्हणाले. "एकट्यानं काय ऐकायचं?"

मी उठून चहा टाकला.